हरणाऱ्याने वाढायचं

बाबा, यंदा मॅच झाली नाही. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, रिंकचं बर्फाचं मशीन बिघडलं का. मशीन ठीक आहे. तांबड्यांच्या युनिव्हर्सिटीने त्यांच्या हॉकी संघाचा सगळा सीझनच रद्द केलाय. कोच रजेवर आहे, लॉकर रूमला कुलूप आहे आणि आपल्या निळ्यांना न खेळताच विजय मिळालाय. हे मी ऑफिसात बसून लिहितेय. पेपरचं ऑफिस आता शहराबाहेर वॉनला आलंय, इंडस्ट्रियल पार्कमध्ये. एका बाजूला टाइल्सचं गोदाम, दुसऱ्या बाजूला टायर्सचं. माझ्या टेबलाला खिडकी आहे, पण ती उघडत नाही. संध्याकाळी सहापर्यंत कॉलम द्यायचाय, आणि स्क्रीनवर त्याचं फक्त पहिलं वाक्य आहे. त्याच्या शेजारी हे उघडून बसलेय. मराठीत लिहिलं की खांद्यावरून कुणी डोकावलं तरी बिघडत नाही. फार तर विचारतील, रेसिपी आहे का.

बातमी फुटली त्या सकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, आणि रेडिओ ऐकून मोठ्याने म्हणाले, "बरं झालं!" अजून नेमकं काय झालंय ते त्यांनी सांगितलंही नव्हतं. तांबडे, हॉकी, चौकशी, एवढेच शब्द कानावर आले होते आणि तेवढ्याने मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तुमच्या हाताखाली तयार झालेय ना मी. तांबडे रेफरी फिरवतात, पाहुण्या संघाच्या खोलीतलं हीटिंग मुद्दाम बंद ठेवतात, त्यांच्या खेळाडूंचे पेपर दुसरेच कुणी लिहितात, हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर तुमच्याकडून ऐकत मोठी झाले. मूठभर मातीत ओलावा किती हे सांगायलासुद्धा विद्यार्थ्यांकडे पुरावा मागणारे प्रोफेसर तुम्ही, पण तांबड्यांचा विषय निघाला की तुम्हाला पुरावा लागत नसे. दुपारपर्यंत आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विनोद सुरू झाले. एकाने लिहिलं, "यंदा पहिल्यांदाच तांबड्यांना धड बचाव फळी मिळणार. सगळे वकील." मी त्याला हसरा चेहरा पाठवला.

ज्या मुलावरून ही चौकशी लागली, त्याची आई संध्याकाळी टीव्हीवर बोलली. संघात नवी मुलं आली की जुने खेळाडू त्यांना आत घेतात, म्हणजे रिंकचे दिवे घालवून अनवाणी बर्फावर उभं करतात. जो आधी पाय उचलेल तो कच्चा. या मुलाने पाय उचलला नाही. तो हट्टाने उभा राहिला की दार बाहेरून लावलं होतं, यावर वाद चालू आहे. त्याच्या उजव्या पायाची बोटं काढावी लागली. आई चिडून बोलत नव्हती. ती म्हणत होती, आता याला शूज कसे घ्यायचे तेच कळत नाही, दोन पाय दोन मापांचे झालेत. मी ग्रुपवरचा तो हसरा चेहरा पुसायला गेले, पण तोवर सगळ्यांनी तो पाहिला होता. दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीचं निवेदन आलं. हा प्रकार यंदाच घडला, चार वाह्यात मुलांनी केला, संघात अशी प्रथा कधीच नव्हती, कुणाला वेगळं काही माहीत असेल तर त्याने चौकशी समितीकडे यावं. निवेदनं वाचणं हे माझं कामच आहे. मी ते दोनदा वाचलं आणि बाजूला ठेवलं. माझ्याजवळ काही आहे असं मला वाटलंच नाही.

माझा संपादक माझ्याहून बराच लहान आहे, आणि मनाने चांगला आहे. तो टेबलाशी आला आणि म्हणाला, "तू या पेपरातली एकटी निळी, जिला तांबडे शिव्या देत नाहीत. स्कार्फचं परत कर ना. लोकांना आत्ता तसंच काहीतरी हवंय." स्कार्फचं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेल्यानंतर मी तुमच्यावर एक कॉलम लिहिला होता. इतक्या वर्षांत माझं एवढं दुसरं काहीच वाचलं गेलं नाही. आपल्या रिंकच्या लॉबीत तो तुमच्या फोटोसकट फ्रेम करून लावलाय. अजून ग्रोसरीच्या रांगेत कुणी भेटलं की विचारतं, तुमच्या वडिलांचा तो स्कार्फ आहे का हो जपलेला.

आहे. आपल्या दोन घरांचा नियम मी त्यात लिहिला होता. तुम्हाला डॉक्टरकाका मंडळाच्या गणपतीत भेटले. माणूस आपला, पण गाव हायवेच्या पलीकडच्या टोकाचं, आणि वर तांबड्यांच्या हॉकी संघाचा मानद डॉक्टर, हे कळल्यावर तुम्ही हातातला मोदक खाली ठेवला होतात म्हणे. पुढे ठरलं की दर वर्षीच्या मॅचनंतर हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला सहकुटुंब जेवायला बोलवायचं, जिंकणाऱ्याच्या रंगाचा स्कार्फ गळ्यात घालायचा आणि स्वतः वाढायचं. बायकांनी आधी बसायचं, हे कलम आईने आणि काकूने घातलं. वाढणाऱ्याने सगळ्यांचं होईपर्यंत बसायचं नाही, हे कुणी घातलं ते आठवत नाही, पण तुम्ही दोघांनी ते फार कडक पाळलंत. ज्या वर्षी आपण हरत असू त्या वर्षी तुम्ही तांबडा स्कार्फ घालून आमटीचं पातेलं घेऊन फिरता, आणि काका पाटावर बसल्यासारखे खुर्चीवर मांडी घालून बसतात.

"प्रोफेसर, ताटाची डावी बाजू मोकळी दिसतेय."

"येतेय चटणी, येतेय. एक गोल करायला तुमच्या पोरांना तीन पिरियड लागतात, चटणीला पाच मिनिटं द्या."

"गोल झाला ना पण?"

"अहो प्रोफेसर, भात वाढा आधी," काकू म्हणतात. "गोल काय, उद्याही गरमच असेल."

आणि मग ते वर्ष, जे मी कॉलमात लिहिलं. आपण जिंकलो होतो, जेवण काकांकडे होतं. मी नुकती पेपरात लागले होते आणि सुट्टीला घरी आले होते. काका तुमचा निळा स्कार्फ घालून वाढत होते, पण त्या दिवशी त्यांची जीभ चालत नव्हती. माझ्या वाटीत त्यांनी श्रीखंड घातलं आणि वाटी भरलेली असताना पुन्हा घातलं. जेवण झाल्यावर आई आणि काकू बेसमेंटमध्ये नव्या साड्या बघायला गेल्या. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "जा गं, ड्राइव्हवे शोव्हल कर. आपल्याला निघायचंय." बाहेर जेमतेम चिमूटभर बर्फ पडलं होतं. मोठी झालेली, नोकरी करणारी मुलगी मी, कुरकुरत बूट चढवले आणि गेले. बाहेरून स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. काका सिंकपाशी मान खाली घालून उभे होते. तुम्ही त्यांच्या गळ्यातला स्कार्फ काढलात, घडी केलीत, कोटाच्या खिशात ठेवलीत आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ तसेच राहिलात. गाडीत मी विचारलं, स्कार्फ का काढला, अजून आपण निघालोही नव्हतो. तुम्ही म्हणालात, "पुरे झालं. माणसाला किती हरवायचं."

ते वाक्य मी कॉलमच्या शेवटी घातलं. जिंकून झाल्यावर समोरच्याची लाज झाकणारा माणूस, असं तुमचं चित्र मी काढलं. लोकांनी ते शाळांत वाचून दाखवलं.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. आवाज बारीक झालाय, पण टोमणा शाबूत आहे. "मॅच झाली नाही म्हणजे आम्ही हरलो," म्हणाले. "पळून गेलेल्याला हरलेलाच म्हणतात. रविवारी दुपारी ये जेवायला. मी वाढतो. आणि प्रोफेसरांचा स्कार्फ घेऊन ये, तो नसेल तर मोजत नाही." मी गेले. त्याच घरात आहेत अजून, मुलगा दोन गल्ल्यांपलीकडे राहतो. काकूंना हल्ली कमी ऐकू येतं आणि गुडघ्यांमुळे त्या टेबलापाशी आधीच बसून होत्या. काकांनी माझ्यासमोर मान वाकवली आणि मी त्यांच्या गळ्यात तो निळा स्कार्फ घातला. मसालेभात होता, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर. पळीला कंप सुटत होता म्हणून मी उठायला लागले, तर ओरडले, "बस! निळ्यांना एवढाही नियम माहीत नाही?"

मी हसून बसले आणि त्या मुलाचं बोलणं निघालं. मी म्हणाले, निदान हे पहिल्यांदाच झालंय म्हणतात. काका पळी हातात घेऊन उभेच राहिले.

"पहिल्यांदा नाही," ते म्हणाले. "तेव्हाही एक होता."

"तेव्हा म्हणजे?"

"मी त्यांचा डॉक्टर होतो तेव्हा. दोन्ही पायांचे तळवे बर्फाने पोळलेले. म्हणाला, होस्टेलच्या बाहेर अडकलो, पायात काही नव्हतं, चालत आलो. दारात कोच उभा. अगं, बर्फातून चालत आलेले पाय मी या गावात ढिगाने पाहिलेत. ते असे नसतात. हे पाय एका जागी उभे राहिलेले होते. मी मलम लावलं, बांधलं, थोडे दिवस खेळू नको म्हटलं. कोच म्हणाला, थँक्स डॉक. झालं."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना. तुझ्या बाबांना. इथेच, या सिंकपाशी. तू बाहेर शोव्हल करत होतीस."

मी हातातला घास ताटात ठेवला. काकूंना शब्द ऐकू आले नसतील, पण त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी विचारलं, बाबा काय म्हणाले.

"म्हणाले, डॉक्टर, त्यांचं काम सोडा, आणि पोरीसमोर हे बोलू नका, ती पेपरात लागलीये. मी त्या सीझननंतर सोडलं. सगळ्यांना सांगितलं, प्रॅक्टिस वाढली." त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. "मग त्यांनी माझ्या गळ्यातला हा काढला."

मी उठले आणि माझा हात आपोआप त्यांच्या गळ्याकडे गेला. त्यांनी स्कार्फ मुठीत धरला. "राहू दे," म्हणाले. "तेव्हा त्यांनी काढला आणि मला वाटलं, सुटलो."

"काका, मी हे लिहू?"

"पेपरवाल्या मुलीला जेवायला बोलावून सांगतोय, ते काय मिठाचा अंदाज विचारायला? लिही. नाव घाल माझं. मंगळवारी चौकशीवाल्यांकडेही जातोय, मुलगा नेणार आहे. प्रोफेसरांबद्दल मात्र मी तोंड उघडणार नाही. ते तुझ्या घरचं आहे, तुझं तू ठरव." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आता भात संपव. तुझं झाल्याशिवाय मला बसता येत नाही, आणि पाय दुखायला लागलेत."

परत येताना ४०१ हायवेवर ट्रॅफिक तुंबलं होतं. दोन्ही बाजूंना ट्रक, पुढे ट्रक, आणि मी मधे. तुम्हाला विचारायचं ते सगळं तिथे सुचलं. तुम्ही मला बाहेर पाठवलंत, कारण मी ऐकलं असतं तर लिहिलं असतं, अशी तुमची खात्री होती. ही माझी किंमत केलीत की मला अडसर समजलात, मला सांगता येत नाही. तांबड्यांबद्दल आपण इतक्या खोट्यानाट्या गोष्टी चवीने सांगितल्या, आणि एक खरी गोष्ट होती ती आपल्याच घरात होती, तुमच्या कोटाच्या खिशात, मी मागच्या सीटवर. तुमची बाजूही मला कळते. तुम्ही दोघंही या देशात तसे बाहेरचेच. काकांच्या हॉस्पिटलातली वरची माणसं मॅचला कोचचे पाहुणे म्हणून बसायची. काकांनी तोंड उघडलं असतं तर त्यांना त्या गावात किती दिवस पेशंट मिळाले असते? तुम्ही मित्राला सांभाळलंत. पण हे मी लिहायला घेतलं की ते तुमच्या वकिलासारखं वाटतं, म्हणून खोडते. आणि खोडलं की उरतं ते एवढंच, की त्या दिवसानंतर बर्फावर अनवाणी उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलाच्या आधी दोन शहाणी माणसं एका सिंकपाशी उभी होती. आपल्या निळ्यांच्या पोरांचे तळवे कधी कुणी पाहिले का, हेही आता मनात येतं. आपल्याकडे डॉक्टर नव्हता, नुसता मसाजवाला होता.

तुम्हाला माझी पहिली मोठी बातमी आठवते का? मी कौतुकाने कात्रण आणलं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात थर्मासमध्ये आल्याचा चहा भरत होतात, मॅचला निघायच्या घाईत. चष्मा वर करून वाचलंत आणि म्हणालात, "हे 'एका ज्येष्ठ सूत्राने सांगितले', हा कोण? बारसं झालं नाही का त्याचं?" मी म्हटलं, बाबा, पेपरात असंच लिहितात. "मग पेपर चुकतात," तुम्ही म्हणालात. "माणसाने काही केलं असेल तर त्याच्या नावाने केलंय. तसंच लिहावं." मला राग आला होता. नंतर मी हाताखालच्या सगळ्या नव्या पोरांना हेच सांगत आले, तुमचं नाव न घेता.

मंगळवारी काका चौकशीला जाऊन आले. मुलाने सांगितलं, तासभर बोलले, पाणीही मागितलं नाही. आज बुधवार. दुपारी संपादकाला मी काकांचं सगळं सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. "म्हणजे त्यांचं ते 'पहिल्यांदाच' खोटं आहे," म्हणाला. "हे आतल्या पानावर नाही, पहिल्या पानावर." मी मान डोलावली आणि इथे येऊन बसले. तुम्हाला कॉलमात घालावं तर लॉबीतली ती फ्रेम उतरवावी लागते, शाळांतून वाचलेलं ते शेवटचं वाक्य परत घ्यावं लागतं, आणि लोक म्हणणार, चव्हाट्यावर आणलं हिने बापाला, तोही उत्तर द्यायला नसताना. नाही घालावं तर काका ऐंशी ओलांडलेल्या वयात एकटेच तिथे उभे राहतात, आणि त्यांच्याबरोबर असलेला दुसरा माणूस लॉबीत काचेमागे स्कार्फ घालून हसत राहतो. टाइल्सच्या गोदामात फोर्कलिफ्ट मागे येताना वाजतोय. गेला तासभर मी तोच आवाज ऐकतेय.

आता सहा वाजून गेलेत. कॉलम गेला, वेळेत गेला. आजवर माझा कधी उशिरा गेलेला नाही. त्यात काकांचं पूर्ण नाव आहे, त्या मुलाचे तळवे आहेत, दारातला कोच आहे. पुढे एक वाक्य आहे: ही गोष्ट डॉक्टरांनी त्याच वेळी एका मित्राला सांगितली होती, आणि त्यानेही ती कुठे सांगितली नाही. हे वाक्य मी चार प्रकारे लिहून पाहिलं. चौथ्या प्रकारात तुम्ही होतात. पाठवलेला पहिला प्रकार आहे.

संपादक कॉफी घेऊन आला. "जबरदस्त झालाय," म्हणाला. "हा मित्र कोण? नाव मिळेल?"

"तो वारला," मी म्हटलं.

तो ओशाळला, सॉरी म्हणाला. दोन पावलं गेला आणि वळला. "स्कार्फचा जुना कॉलम शेजारी चौकटीत टाकतोय. एका बाजूला हे, एका बाजूला ते. पान छान दिसेल. तुझ्या बाबांचा फोटो असेल ना आपल्याकडे?"

मी म्हटलं, आहे. कुठल्या फोल्डरमध्ये तेही सांगितलं. आणि म्हणाले, निळा स्कार्फ घातलेला घे, तो छापून चांगला येतो.